मापाडीमामांचा फोन झोपू नये म्हणून

साप पहिला ठिपका गिळतो तेव्हा माझ्या तोंडातून अजून ‘लाभ’ निघतं. ‘एक’ निघत नाही. थोरली पोरगी हसते. म्हणते, आई, फोनमधल्या सापाला कसला आलाय लाभ. तिला मी मापाडीमामांचं काही सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की कुठून सुरू करावं तेच समजत नाही, म्हणून तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून बघते आहे.

वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीचं एक गोदाम होतं. तिथं मी सात-आठ वर्षं निवडायला जात होते. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, माती आणि मुळ्या तिसरीकडं. मामा त्या गोदामाचे मापाडी. तिपाईला टांगलेला मोठा लोखंडी काटा, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. काटा सरळ झाला की मामा ओरडायचे, "लाभ!" पुढच्या पोत्याला "दोन!" मग तीन, मग चार. मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक असतं. माझा बापही खळ्यावर असंच मोजायचा. पण खळ्यावरून घरी आला की बापाचा एक पुन्हा एक व्हायचा. मामांचा कधीच झाला नाही.

त्यांच्या घड्याळात दुपारचा लाभ वाजायचा. त्यांना नांदेडला लाभ बहीण होती. श्रावणात एका सोमवारी आम्ही निवडणाऱ्या बाया औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो, तर त्याच गाडीत मामा. कंडक्टर आला. मामा म्हणाले, "लाभ औंढा द्या."

"मामा, असं गाव आपल्या डेपोत न्हाई."

"गाव औंढाच. माणूस लाभ."

"मंग एक म्हना की!"

"तुमी म्हना. मी म्हनत नसतो."

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "तुमी लाभ का दोन?" मामा रागावले नाहीत. उलट त्यांना बरं वाटलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "शिकला बघ."

उंच माणूस, पाठीत थोडा वाकलेला, कपड्यांना आणि भुवयांना हळद. दारू नाही, शिवी नाही, बाईकडं वाकडी नजर नाही. तोंड मात्र सतत मोजत असायचं. गोदामाच्या पायऱ्या मोजत चढायचे. चहा पिताना घोट मोजायचे. आम्ही दुपारी डबे उघडले की तिकडं काट्याजवळ बसून त्यांचे ओठ हलायला लागायचे. सुमन म्हणून एक तोंडाळ बाई होती, ती तिथूनच ओरडायची, "मामा, माझे घास मोजू नका, पोटात दुखतंय!"

"मी कुठं मोजून राहिलो? तोंड मोजून राहिलं."

"मंग तोंडाला सांगा!"

मी भिंतीकडं तोंड करून जेवायचे. कुणी बघतंय म्हटलं की घास माझ्या घशाखाली उतरत नाही. लहानपणापासून असंच आहे. गोदामात मला मुकी म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मुकीला कुणी काही विचारत नाही.

मोबाइल तेव्हा नुकतेच आले होते. आडत्याकडं होता, मुनिमाकडं होता, आणि एका उन्हाळ्यात मापाडीमामांकडं आला. सगळ्यांना नवल वाटलं. मामांना कोण फोन करणार? बहीण करायची नाही, तिच्याकडं फोनच नव्हता. मामा तो फोन पानसुपारीच्या चंचीत ठेवायचे आणि चंची गळ्यात. आठ दिवसांत फोन पिवळा झाला आणि त्याला काताचा वास यायला लागला. ते कुणाला फोन करत नव्हते. नुसतं दर थोड्या वेळानं चंची उघडून बघायचे. बघितलं की त्यांचा चेहरा पडायचा, कारण फोनचा उजेड गेलेला असायचा. मग एखादं बटण दाबायचे. उजेड आला की चंची बंद.

मुनिमानं विचारलं, "मामा, सारखं काहून दाबून राहिले?"

"झोपतो ना तो."

"झोपू द्या की."

"अन् तेवढ्यात फोन आला मंग? दार बंद दिसलं की पाव्हणा परत जातो."

मुनीम समजुतीनं म्हणाला, उजेड गेला तरी फोन वाजतो. मामांना पटेना. मग त्यानं आपल्या फोनवरून लावून दाखवला. चंचीतला काळा पडलेला फोन खणखणून वाजला. आम्ही सगळ्या बघत होतो. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हा तुमी जवळून केला. लांबून येणारा थकून येतो. त्याच्यात उठवायचा दम न्हाई ऱ्हात."

मुनिमानं कपाळाला हात लावला. मला मात्र ते तेव्हा खरंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, आजही फोन काळा पडला की माझ्या मनात येतं की कुणी परत तर गेलं नसेल.

फोनमध्ये साप आहे हे सुमनला सापडलं. तिच्या भाच्यानं तिला कुठंतरी दाखवला होता. चार बटणांनी साप वळवायचा, ठिपके गिळायचे, गिळला की तो लांब होतो, भिंतीला किंवा स्वतःच्याच अंगाला धडकला की मेला. सुमन दुपारच्या सुट्टीत खेळली आणि मामांनी बघितलं की ती खेळते आहे तोवर फोनचा उजेड जात नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू काटा आपोआप सरळ झाला.

त्या दिवसापासून मामांना खेळणारी माणसं लागायला लागली. त्यांचे हात काट्यात गुंतलेले. बोटं जाड, तीन-चार ठिपक्यांत साप मारून टाकायचे. म्हणून ते आम्हाला खेळायला बसवायचे. एकच अट, वाजला की लगेच त्यांच्या हातात द्यायचा. खेळणारीला गुळाचा खडा. आणि खेळणारी बसली की मामा मागं उभे राहून मोजायचे. लाभ, दोन, तीन, चार. त्यांची खात्री होती की मोजल्याशिवाय माणूस खेळत नाही. "मोजलं न्हाई तर दाणा पडला काय अन् न्हाई पडला काय?"

सुमनला ते बरोबर लागू पडलं. वीसला मेली की ती चवताळायची, "आणा हिकडं, आता तीस करते!" मामा म्हणायचे, हरल्यावर जी चिडते ती टिकते. पण बाकीच्या टिकेनात. कुणी दोन दिवस खेळायची, कुणी चार. उठून गेली की मामा तिच्या मागं मागं. "काहून सोडलं? सांग तर." एकीचे डोळे दुखायचे. एकीला सासूनं ऐकून बोल लावला. एकीचा साप इतका लांब झाला की तिलाच त्याची भीती वाटली. मामा हे सगळं मनावर घ्यायचे. एकदा पोत्यावर बसून आम्हाला म्हणाले, "माणूस दोन कारणानं उठतं. लाभ, डाव लई अवघड झाला. दोन, डाव लई सोपा झाला. मधी कुठंतरी बसतं. ते मधलं कुठं ऱ्हातं तेवढं कोनी दाखवा मला."

गयाबाई आमच्यात सगळ्यात वडील. तिनं तर वेगळंच कारण दिलं. नागपंचमी होऊन गेली होती. ती म्हणाली, "परवा नागाला भाऊ म्हनून उपास धरला. अन् आज त्याला भिंतीवर आपटून मारू व्हय?"

तिसऱ्या दिवशी मामा गयाबाईजवळ येऊन म्हणाले, "तो मरत न्हाई. परत दाबलं की परत निघतो."

"मंग तर आनखीच पाप. रोज रोज त्याच भावाला मारायचं?"

मामांनी तिला खडा तरीही दिला.

मी कशी खेळायला लागले ते आठवतं. सुमन माहेरी गेली होती. दुसरं कुणी तयार नव्हतं आणि काट्यावर माल लागलेला. मामा माझ्या ढिगाशी आले, चंचीतून फोन काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, खेळू नको हवं तर. नुसतं दाबत ऱ्हा. झोपू देऊ नको." आणि ते काट्याकडं गेले.

मी आधी नुसतंच दाबत होते. साप धडकायचा, मी पुन्हा सुरू करायचे. मग केव्हातरी तो वळला. मी वर म्हटलं तर वर गेला, डावीकडं म्हटलं तर डावीकडं. हे लिहितानाही मला थोडं हसू येतं, पण माझ्या म्हणण्यानं काही वळतंय हे मला नवीन होतं. घरात माझं म्हणणं कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. इथं सांगायचं नव्हतंच. बोटानं दाबलं की झालं. शिवाय कुणी बघत नव्हतं. मामा लांब, बाया आपापल्या ढिगाशी. मी कितीला मेले ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

मग रोज दुपारी मामा फोन माझ्यापुढं ठेवून जायला लागले. मी पटकन भाकरी खाऊन घ्यायचे. मी खडा घेत नव्हते, तर मामा तो माझ्या पदराजवळ ठेवून जायचे. मुनिमाला सांगायचे, "मुकीच्या हातात फोन झोपत न्हाई." हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मामांना कुणाच्या फोनची वाट आहे ते मला गयाबाईनं सांगितलं. मामांचं लग्न झालं होतं. बायको साखऱ्याकडची, सेनगावच्या पलीकडची. चांगली दोन वर्षं नांदली आणि एका दुपारी उठून माहेरी निघून गेली. भांडण नाही, काही नाही. मामा चार-पाचदा आणायला गेले. सासऱ्यानं दारातच सांगितलं, तिला यायचं न्हाई. काहून ते कुणी सांगितलं नाही. तिनं दुसरं लग्न केलं नाही, यांनीही केलं नाही. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. फोन घेतल्यावर मामांनी त्या बाजूच्या एका माणसाजवळ आपला नंबर पाठवला होता. तिच्या हातात देणार म्हणाला होता. दिला का नाही, देव जाणे.

"तिनं यावं म्हनून न्हाई गं," गयाबाई म्हणाली. "आता या वयात कशाला येती? त्याला फक्त इचारायचं हाय, काहून गेली."

त्यानंतर मी आणखी मन लावून खेळायला लागले. वाटायचं, उजेड जायला नको.

असं दोन महिने तरी चाललं असेल. एक दिवस दुपारी काट्यावर माल नव्हता. मी खेळत होते. साप चांगला लांब झाला होता, पडद्यावर जागा थोडी उरली होती आणि मी त्याला कडेकडेनं नेत होते. कसं नेत होते ते सांगता येणार नाही, पण मला सगळं दिसत होतं. इतकं स्वच्छ मला कधीच काही दिसलं नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. हळू. "एकेचाळीस." मग, "बेचाळीस." मामा मागं उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. माझा अंगठा जरा थांबला, पण साप वळला. "त्रेचाळीस!" आता आवाज काट्यावरचा होता. "अरे बघा, मुकीनं त्रेचाळीस केले!" हमाल आले. मुनीम आला. सुमन हात झटकत आली, "अगं बया! माझे अडोतीसच झालेते की! मुकी म्हनता म्हनता गिळून बसली समदं!" सगळे हसले. वाईट मनानं कुणी हसलं नाही. मामा तर इतके खूष की त्यांचा आवाज फाटला. "चव्वेचाळीस!"

मी फोन पोत्यावर ठेवला आणि उठले.

साप चालतच होता. तो धडकल्याचा आवाज मी पाठीमागून ऐकला. मागच्या दारी रांजण होता, तिथं जाऊन पाणी प्यायले. तहान नव्हती. मी तिथंच उभी राहिले, आणि आत सुमन म्हणत होती, "आता काय झालं हिला?"

थोड्या वेळानं हळद घासायचा ड्रम सुरू झाला. तो फिरायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात एका ट्रॅक्टरचा मालही आला, मामा काट्यावर गेले. मी माझ्या ढिगाशी परत आले. फोनकडं बघितलं नाही. तो पोत्यावर काळाच असणार. कुणाच्या तरी हातून त्याच्यावर रिकामा बारदाना पडला असावा.

संध्याकाळी मामांनी तो शोधून काढला. पडद्यावर इंग्रजीत काही आलं होतं. त्यांनी मुनिमाकडं नेला. मुनिमानं वाचलं आणि म्हणाला, "मामा, फोन येऊन गेला. एक."

मामा उभेच होते. मग म्हणाले, "लाभ."

सवयीनंच म्हणाले असतील.

मुनिमानं त्या नंबरावर लावून बघितलं. सेनगावचं एसटीडीचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, हितून दिवसभर माणसं फोन लावतेत, मी कुनाकुनाचं ध्यान ठेवू? मामांनी फोन हातात घेऊन विचारलं, "बाईमाणूस होतं का?"

"बाया बी येतेत, बाप्ये बी येतेत," तो म्हणाला आणि ठेवून दिला.

मी पायरीवर बसून चपलांतली हळद झटकत होते. पुष्कळ वेळ झटकत होते. मला वाटलं, आता मामा मला बोलतील. बोलायला पाहिजे होतं. ते माझ्याजवळून गेले, पायऱ्या मोजत उतरले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते सरळ माझ्यापुढं उकिडवे बसले. राग नव्हता. खरंच नव्हता. तोंडावर नुसतं नवल. "पोरी, चव्वेचाळीस झाले होते. जागा होती. हात चांगला चालला होता. काहून उठलीस?"

मी मान खाली घातली.

"बोट दुखलं?"

मी मान हलवली, नाही.

"भेव वाटलं सापाचं?"

नाही.

"सुमन काही बोलली?"

नाही.

"मंग?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही मोजलं म्हणून, असं तोंडावर आलं होतं का? आलं असेल. पण ते ऐकायला किती वेड्यासारखं वाटतं. मोजलं म्हणजे काय मारलं? हसले म्हणजे काय शिव्या दिल्या? त्यांनी तर कौतुक केलं. सगळ्या गोदामात माझं असं कौतुक कधी झालं नव्हतं. मग माझा जीव एवढा का गुदमरला? ते मला तेव्हा समजलं नाही.

मी पुन्हा खेळले नाही. मामांनीही फोन पुढं ठेवला नाही. सुमन खेळायची, ते मोजायचे. पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, पोतं शिवता शिवता, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "काहून उठलीस गं?" जणू मध्ये काही दिवस गेलेच नाहीत. पुढं बाया माझी थट्टा करायला लागल्या. गयाबाई एकदा त्यांना म्हणाली, "काहून लेकराला तकलीफ देता?"

"तकलीफ देत न्हाई. हिच्याजवळच हाय ते. बाकीच्या हरून उठल्या, कंटाळून उठल्या, सासूला भिऊन उठल्या. ही जिंकत असताना उठली. असं उठणारं माणूस मला दुसरंच भेटलं."

पहिलं कोण ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

सांगितलं ते पुढच्या वर्षी. पावसाळ्याचे दिवस, आवक कमी, मी आणि ते दोघंच आतल्या बाजूला होतो. मी निवडत होते. ते पोत्यावर बसून, माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"म्या तिला कधी हात लावला न्हाई. बोट सुदिक न्हाई. उपाशी ठेवली न्हाई. मोंढ्यातून येताना रोज काहीतरी घेऊन जायचो. त्या दिवशी जेवायला बसलो होतो. ती चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती. गरम गरम ताटात पडायची. मी मोजत होतो, आपलं नेहमीचं. लाभ. दोन. तिसरी तव्यावर होती. म्या मनलं, तीन. अन् ती उठली. पिठाचा हात तसाच. भाकर तव्यावर तशीच. म्या मनलं, पानी प्यायला गेली असंल."

माझ्या हातातलं हळकुंड हातातच राहिलं.

"करपली ती भाकर," मामा म्हणाले. "म्या उतरवली न्हाई. वाटलं, आता येईल."

त्या दिवशी मला वाटलं की मला समजलं. आणि समजलं तसं आणखीच गोंधळले. सांगावं का? ज्या तोंडानं या माणसानं जन्मभर पोट भरलं, ज्या शब्दाला तो एवढा जपतो, त्यामुळंच ती गेली, हे मी कोण सांगणार? आणि तसंच होतं कशावरून? सुमन तर मोजतात म्हणून खेळत होती. मोजायचं बंद केलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी उठली असती. एका जागी जे माणसाला धरून ठेवतं तेच दुसऱ्या जागी उठवतं, तर खरं कारण म्हणायचं कशाला? माझं मला धड माहीत नाही, तिचं मी कसं सांगू? आणि तो फोन तिचाच होता असं धरलं तर? मी उठले नसते तर तो मामांच्या हातात गेला असता आणि तिनंच सांगितलं असतं. म्हणजे उत्तर माझ्यामुळंच हुकलं आणि आता तेच उत्तर मी द्यायचं. रात्रंदिवस हे डोक्यात. कुणाला बोलायचं नाही.

मग गोदामात विजेचा काटा आला. पोतं ठेवलं की लाल आकडे दिसायचे. मापाड्यानं ओरडायची गरज राहिली नाही. मालकानं मामांना काढलं नाही, पोती शिवायला ठेवलं. पण पहिलं पोतं काट्यावर चढलं की मामा सुतळी हातात धरून तिकडं बघायचे आणि तोंडातल्या तोंडात लाभ म्हणायचे. एकदा मोठ्यानं निघालं तर एक तरणा व्यापारी म्हणाला, "काका, मशीन बोलून राहिली ना? तुमी गप बसा." मामा खरंच गप बसले. मला ते बघवलं नाही. मलाच ते मोजणं सोसलं नव्हतं, आणि ते थांबलं तर गोदाम सुनं वाटायला लागलं. माझं मलाच कळत नव्हतं.

त्याच वर्षी आमचं वसमत सुटलं. नवऱ्याचं कारखान्यातलं हंगामी काम बंद झालं. सासरची कोरडवाहू जमीन साखऱ्याच्या शिवाराला लागून, तिथं जाऊन राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी नवरा सामान टपावर चढवत होता, मी पोरींना घेऊन स्टँडवर उभी होते, तर समोरून मामा. गळ्यात चंची. हातात कागदाच्या पुडीत गूळ.

पुडी पोरींच्या हातात दिली. मला म्हणाले, "तिकडंच चालली म्हन."

मी मान हलवली.

"कुठं भेटली गिटली तर काही इचारू नको तिला. उगं वाईट वाटायचं."

मी पुन्हा मान हलवली. गाडी सुरू झाली होती, कंडक्टर चला चला करत होता. मामा तिथंच उभे. मला माहीत होतं आता काय विचारणार. त्यांनी विचारलंच. "जाता जाता तरी सांग गं पोरी. काहून उठली होतीस?"

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्य धड बोलले नव्हते. तोंड उघडलं तेव्हा मलाही माहीत नव्हतं काय निघणार. खरं ओठावर होतं. मी म्हणाले, "मामा, मला म्हाईत न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं तुलाच म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"असं बी असतं?"

"असतं."

त्यांनी गळ्यातली चंची मुठीत धरली. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. "बराबर हाय," म्हणाले. "मंग तिला बी म्हाईत नसंल. म्हनून सांगितलं न्हाई. म्या उगंच समजलो, म्हाईत असून सांगत न्हाई." आणि हसले. मामांना हसताना मी पुष्कळदा बघितलं होतं, पण असं नाही. मी पोरींना घेऊन चढले, गाडी हलली. खिडकीतून बघितलं तर ते स्टँडवरच्या माणसांना मोजत नव्हते. नुसते उभे होते.

मी खोटं बोलले का खरं बोलले, हे मला अजून ठरवता येत नाही. अर्धं माहीत होतं, अर्धं नव्हतं. जे माहीत होतं ते दडवलं आणि जे नव्हतं ते सांगितलं. त्यानं त्यांना सुटल्यासारखं झालं. पण खरं सांगितलं असतं तर? कदाचित त्यांनी मोजणं सोडलं असतं आणि एकदा साखऱ्याला जाऊन दारात गप्प उभे राहिले असते. कदाचित त्यांचं उरलेलं आयुष्यही करपून गेलं असतं. त्यांचा नंबर मला पाठ आहे, मुनिमाच्या तोंडून शंभरदा ऐकलेला. तरी मी कधी फोन लावत नाही. या बाजूनं फोन गेला तर त्यांना वाटेल तिचाच आला.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात मी साखऱ्याच्या रस्त्यानं येत होते. समोरून एक बाई शेळ्या घेऊन आली. पन्नाशीची असेल, उंच, कपाळ मोकळं, पण गळ्यात मणी होते. शेळ्या माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं गेल्या, तीही गेली. मागं बाभळीखाली एक करडू राहिलं होतं. मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण ते ओरडायला लागलं म्हणून बोलले. "बाई, एक मागं ऱ्हायलं."

तिनं वळून बघितलं. "येईल."

"चुकलं बिकलं मंग? मोजून तरी बघा."

"मी मोजत नसते गं माय. मोजलेलं जनावराला बी कळतं. आंग चोरतं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तू हितली न्हाई वाटतं."

"वसमतला होते. हळदीत."

माझा हात धरून तिनं उलटा केला आणि तळव्याकडं बघितलं. तळव्याचा पिवळा रंग केव्हाच गेला आहे. तिनं हात सोडला आणि शेळ्यांमागं गेली. करडू पळत पळत तिच्या मागं गेलं.

ती तीच होती का, मला माहीत नाही. मामांनी विचारू नको म्हणून सांगितलं होतं, आणि सांगितलं नसतं तरी मी विचारलं नसतं.

घरी आले. पोरी शेतात गेल्या होत्या. थोरलीनं घरी ठेवलेला जुना फोन फळीवर होता, त्यात तोच साप आहे. मी उंबऱ्यात बसून तो सुरू केला. पहिला ठिपका गिळला तेव्हा लाभ म्हणाले. दुसऱ्याला काही म्हणाले नाही, तिसऱ्यालाही नाही. त्या दिवशी मी पुष्कळ वेळ खेळले.